समाधीपुढची भिंत

३ एप्रिल
ओल्या शेंगा उकडून आम्ही दोघं इथे काठावर खात बसायचो. एकदा ह्यांनी पैज लावली, टरफल पाण्यात टाकून दाखव. पाटीभर टरफलं फेकली दोघांनी, एकही पोचलं नाही. तळं तेवढं लांब होतं. पुढे दुखण्यात ह्यांनी हीच जागा दाखवून ठेवली, "मला इथं बसवा." तोही उन्हाळाच. पावसाळ्यातलं तळं कुणाच्या लक्षातच आलं नाही.
आज काठावर गेले. गेल्या पावसात आणखी माती गेलीय. समाधीच्या ओट्यापासून काठापर्यंत एक लुगडं वाळत घालावं एवढंच अंतर उरलंय.

९ एप्रिल
दीर आले, अप्पा. फाटकापासूनच ओरडत, "वैनी, काँक्रीटची भिंत ठोकून टाकू की! वाघासारखी हुबी ऱ्हाईल!" मी विचारलं, पाया किती खोल जाईल? "पायाची काळजी तुमाला कशाला? खाली दादा हाय न्हवं धरून बसलेला!" स्वतःच हसले. मग टॉवेलने डोळे पुसले.
संध्याकाळी पलीकडच्या फार्महाउसची काँक्रीटची भिंत बघून आले. पोट पुढे आलंय तिचं. मागचं पाणी निघायला भोकंच ठेवली नाहीत म्हणे. तळं उतरलं की आतली ओली काळी माती भिंतीला ढकलते. ते पोट डोळ्यांपुढून हलत नाही.

१६ एप्रिल
लेकाने, महेशने, पुण्याहून फोन करून शाहूपुरीतली एक इंजिनिअर पाठवली, स्नेहल. लेकीच्या वयाची. तिला सांगावं लागलं, आमच्यात दहन नाही, बसवून पुरतात, आपल्याच रानात. तिने चप्पल काढून ओट्यापासून टेप धरला.
काँक्रीटला पाया खोल, आणि मागची माती उघडी करावी लागते. म्हणजे थेट ओट्याखालपर्यंत. "ते नको, काकू." दुसरं म्हणजे जाळीच्या पेट्या, दगड भरून पायरीसारख्या एकावर एक. पाणी दगडांतून आपोआप निघून जातं. पाया उथळ, पण रुंदी फार. पुढे तळ्यात सरकता येत नाही, ती जमीन सरकारी. मागेच सरकायचं. ह्यांच्याकडे.
उतार करून दगड लावायचे तर सगळीच जागा जाते.
कसंही केलं तरी भीतीच.

२० एप्रिल
मठातल्या स्वामींना विचारून आले, समाधी वरच्या अंगाला हलवता येईल का. "आक्का, बसवलेल्या माणसाला आमी उठवत न्हाई. तुमी भिंतीचं बघा." ऐकून बरं वाटलं. घरी येता येता ध्यानात आलं. म्हणजे आता भिंतीवाचून दुसरं काही नाहीच.

२ मे
पेट्यांचं ठरवलं. मीच ठरवलं. अप्पा रुसले. "जाळी? कोंबड्या पाळायच्यात व्हय?" पण दगडाची पहिली ट्रॉली त्यांनीच आणली. ओट्याच्या बाजूला जेसीबी फिरकवायचा नाही, हातानेच खणायचं, हे चार वेळा बजावलं. तरी प्रत्येक कुदळीला मी ओट्याकडे बघते.

१९ मे
चर उघडा आणि दुपारी वळीव. चराची एक बाजू बसली. ओट्याच्या अलीकडे जमिनीला भेग पडली, तळहात उभा जाईल एवढी. अप्पांनी ताडपत्री ओढली, चिखलात बसून कडेने दगड ठेवले. "वैनी, घरात जावा! जावा म्हणतो न्हवं!" नाही गेले. छत्री धरून ओट्यापाशी उभी.
भ्याले की मला अजून कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेली शाळेतलीच इंग्रजी प्रार्थना येते. हे म्हणायचे, "तुझ्या देवाला मराठी कळत नाही वाटतं." आज तीच पुटपुटत होते. भेगेतून पाणी आत जाताना दिसत होतं. आत हे कसे

२९ मे
खालचे दोन थर झाले, वरचा बाकी. भेग बुजवलीय. रोज जाऊन बघते. आज तिथेच केसाएवढी रेघ दिसली. स्नेहल म्हणते, "माती वाळतेय, काकू, तेवढंच." पण म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. ढग रोज भरून येतात. वरचा थर पावसाआधी होईल का, तर अप्पा म्हणतात, "बघू की." अप्पांचं 'बघू की' मी पहिल्यांदाच ऐकलं.
महेश परवा न्यायला येतोय. पावसाळा पुण्यात काढ म्हणतो. नको म्हणायला तोंड नाही.

३० मे
लिहून ठेवते. परत येईन, पण वय झालंय.
घराची किल्ली अप्पांकडे. सोमवारी ओट्यावर विभूती आणि बेल त्यांनीच ठेवायचा, गड्याला सांगायचं नाही. ह्यांचं घड्याळही त्यांनाच. ते मागणार नाहीत, म्हणून हातात द्या. शेळी आणि परसातली भांडी शेजारच्या शेवंताला. ठुशी सुनेला. शाळेतली माझी इंग्रजी पुस्तकं स्नेहलला, तिने एकदा हातात घेऊन वास घेतला होता. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी कुणालाच नाही, ती माझ्याबरोबर.
आणि मला कुठे बसवायचं, ते दिवाळीनंतर पाणी उतरलं की भिंत बघून महेश आणि अप्पांनी ठरवावं. मला विचारू नका. मी ह्यांच्या शेजारीच म्हणेन.