उजवं मागचं चाक

सोमवार, ३ मार्च

हवा गेली तर ब्रेक लागतो की सुटतो?

मला उत्तर येत नाही. आठ महिने मी ही वाचनालयाची बस घेऊन फिरते आहे. तिच्या पोटात अठराशे पुस्तकं आहेत. घरातली पहिली पदवी माझी. आणि गॅरेजच्या मिस्त्रींनी आज हे विचारलं तर मी खांबासारखी उभी! "सुटत असणार," म्हटलं. ते हसले. बाबाही हसले – ते जास्त लागलं.

झालं असं. सकाळी शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना बस जी थांबली ती थांबलीच. अर्धी रस्त्यावर, अर्धी आत. बाबांनी हँडब्रेकचं बटण तीनदा दाबलं, तीनदा ते टक्कन बाहेर आलं. हवेचा काटा चारच्या पुढे सरकेना, चाकं सुटायला निदान सहा लागतात. शाळा सुटली तरी आम्ही फाटकात बूच मारल्यासारखे. मुलं पोटं आत ओढून एकेक करत फटीतून बाहेर पडली. एक म्हणाला, "आजोबा, धक्का मारू?" बाबा म्हणाले, "आधी डबा संपव, मग बघू."

शेवटी मिस्त्री आले, स्वतःच्या यंत्रातून बसला हवा भरली आणि कशीबशी मागे घेऊन शाळेच्या आवारात लावून दिली. मग मला शिकवणी. मागच्या दोन्ही चाकांशी एकेक लोखंडी डबा असतो. आत दणकट स्प्रिंग. ती सतत चाक धरायलाच बघते, हवा तिला दाबून मागे ठेवते. हवा गेली की स्प्रिंग मोकळी, चाक जाम!

"म्हणजे बस बिघडली नाही मॅडम. बस शहाणपणा करतेय."

हे मला इतकं आवडलं की दिवसभर मनात घोळतंय. कुणीतरी कधीतरी बसून विचार केला – यातलं काही तुटलं, फाटलं, तर गाडी धावायला नको, थांबायला हवी. किती माया आहे या विचारात!

मंगळवार, ४ मार्च

हवा कुठून जाते ते सापडलं. मिस्त्रींना सगळे कानसेन म्हणतात ते उगीच नाही. इंजिन बंद करायला लावलं, सगळ्यांना गप्प केलं आणि जमिनीवर आडवे होऊन नुसते ऐकत राहिले. मग "तिसरं कपाट" एवढंच म्हणाले. साबणाचं पाणी लावलं तर नळीवर बुडबुड्यांचा फुगाच!

तिसऱ्या कपाटाचा एक लांब स्क्रू फळीतून आरपार जाऊन खालच्या हवेच्या नळीला टेकला होता. आठ महिने घासत घासत काल आत शिरला. सुतारकाम मामाचं. पण त्या जागेवर पेन्सिलीनं फुली कुणी मारली? मी! मामा म्हणत होता, "पुरे झाले गं स्क्रू, कपाट आहे की बंगला?" मीच अडून बसले – पुस्तकं मुलांच्या अंगावर पडली तर?

मुलांच्या काळजीपोटी मी बसच्या ब्रेकला भोक पाडलं. बाबा दिवसभर मला "इंजिनीयरसाहेब" म्हणतायत. आज सहन केलं. चूक माझी होती.

बुधवार, ५ मार्च

नळी बदलली. हवा नीट भरते. पण मिस्त्री बसखालून लगेच बाहेर आले नाहीत.

आज लिहवत नाही.

गुरुवार, ६ मार्च

लिहिते. कुठंतरी उतरवायलाच हवं.

नळी बसवून झाल्यावर मिस्त्री म्हणाले, "इंजिनीयरसाहेब, खाली या, दाखवतो." मी आनंदानं सरपटत गेले. त्यांनी उजव्या मागच्या चाकाच्या डब्यावर बॅटरी धरली. डब्याच्या पाठीतून एक लांब बोल्ट बाहेर आलेला, त्यावर नट आवळलेला. त्या डब्याकडे येणारी हवेची नळी काढून तिला बूच मारलेलं. डाव्या चाकाला यातलं काही नाही.

"हा कसला?" मी विचारलं. मला वाटलं, काहीतरी जास्तीची सोय असेल.

"स्प्रिंग बांधून ठेवलीय. गाडी रस्त्यात अडकली तर गॅरेजपर्यंत ओढून न्यायला असं करतात. तेवढ्यापुरतं."

"आणि असंच ठेवलं तर?"

"तर या चाकाला हँडब्रेकच नाही."

मग ते बसखालूनच, आवाज न चढवता बोलले, "वस्ताद, हे कुणाचं?" बाबांनीच त्यांना पाना धरायला शिकवलंय, म्हणून वस्ताद. मला बाबांचे फक्त बूट दिसत होते. बूट हलले नाहीत.

"माझं," बाबा म्हणाले.

मी तशीच पडून राहिले. अंगावर वंगण ठिबकत होतं, कळत होतं, पण बाजूला व्हायचं सुचेना. अठ्ठावीस वर्षं याच बसवर ड्रायव्हर. एक ओरखडा नाही. बाबा आणि बस दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले, लिलावात बाबांनी तिला घरी आणलं. कुणी विचारलं की मी मान वर करून सांगते – चालवायला माझे बाबा आहेत, काळजीच नाही.

दर बुधवारी आम्ही खाणीच्या वस्तीवर जातो. तिथे सपाट जागा नाही. बस उतारावर उभी राहते. आत बारा-तेरा मुलं. बाकीची बसच्या पुढच्या सावलीत, बंपरला पाठ टेकून वाचत बसतात. उताराच्या बाजूला!

आठ महिने. एका चाकाच्या जोरावर.

परत तेच. डोळे मिटले की तेच.

शुक्रवार, ७ मार्च

ठोकळे! आज लक्षात आलं.

कुठंही गेलो की बाबा आधी उतरून चाकांपुढे लाकडी ठोकळे लावतात. दुसऱ्या कुणाला लावू देत नाहीत. वर बुटानं दोनदा ठोकून बघतात. मला कौतुक वाटायचं. वस्तीवर एक लहान मुलगी आहे, इतके प्रश्न विचारते की आम्ही तिला प्रश्नपत्रिकाच म्हणतो. तिनं एकदा विचारलं होतं, "ताई, आजोबा ठोकळे का लावतात?" मी म्हटलं, "जुन्या माणसांची सवय."

सवय नव्हती. त्यांना माहीत होतं.

शनिवार, ८ मार्च

आई वैतागली. "बापलेकीनं बोलणं टाकलंय आणि निरोप्या मी! त्यांना विचारा मीठ हवं का, हिला सांगा मीठ दे. माझे पाय मोडले."

दुपारी शेवटी मीच बोलले. का केलंत, एवढंच विचारलं. बाबा अंगणात चप्पल शिवत होते, सुई खाली ठेवली नाही.

"उद्घाटनाच्या दिवशी डब्यातलं रबर फाटलं, चाक जाम. वाटेत. पाहुणे येऊन बसलेले. तू फोनवर काय म्हणालीस आठवतं?"

मला आठवेना.

"'बाबा, काहीही करा, पण बस पोचलीच पाहिजे.' मग केलं काहीही."

आठवलं. बस दहा मिनिटं उशिरा पोचली होती. बाबांचे हात कोपरापर्यंत काळे होते. मी म्हटलं होतं, "आजच्या दिवशी तरी शर्ट जपायचा!" फोटोत त्यांना मागच्या रांगेत उभं केलं. मी केलं.

"पण नंतर? नंतर का नाही काढलात?"

"हा डबा आता बनत नाही. शोधत बसलो असतो तर तुझी बस तीन महिने बंद. पहिल्याच आठवड्यात. लोकांनी काय म्हटलं असतं – शिकली सवरली आणि अंगणात भंगार उभं केलं."

"मला सांगायचंत."

"तू चालवू दिली असतीस?"

नसतीच दिली.

"आणि ठोकळे लावतोच की मी," ते म्हणाले. मी उठता उठता त्यांचा आवाज आला, एकदम बारीक. "तिथून निघेपर्यंत मी बसपासून हललोय कधी? पाणी प्यायला तरी?"

खरंच नाही हलले. आठ महिन्यांत एकदाही नाही.

रविवार, ९ मार्च

झोप नाही. रागावायचं कुणावर तेच कळत नाही.

सोमवार, १० मार्च

मिस्त्रींनी एका जुन्या गाडीचा डबा शोधलाय. यायला तीन आठवडे. बस शाळेच्या आवारातून आणून आमच्या अंगणात लावून दिली – तेवढ्या सपाट रस्त्यापुरता बोल्ट ठेवून.

"आता दोनच वाटा," मला म्हणाले. "बोल्ट ठेवला तर गाडी फिरेल. काढला तर जागची हलणार नाही. मी वस्तादांपुढे बोलू शकत नाही. पण डब्याची पट्टी कुणी उघडायची नाही, आतली स्प्रिंग माणसाचा जीव घेते. बोल्टचा नट मात्र बाहेरून सुटतो, ठोकळे लावून, सावकाश." कसा सोडायचा ते मी न विचारताच दाखवून गेले.

मंगळवार, ११ मार्च

बाबांनी बस धुतली. काचासुद्धा. जेवताना आईला म्हणाले – आईलाच – "उद्या खाणीच्या वस्तीवर जाऊ म्हणावं. मागच्या बुधवारी पोरं वाट बघून गेली असतील. तीन आठवड्यांत काय आभाळ कोसळणारेय? चार ठोकळे लावतो."

प्रश्नपत्रिकेनं अर्धवट सोडलेलं पुस्तक तिसऱ्या कपाटात आहे. तिची चिठ्ठी आत तशीच. मी मान डोलावली. का डोलावली?

बुधवार, १२ मार्च

उजाडताच बसखाली गेले. आधी चारही ठोकळे लावले, बुटानं दोनदा ठोकले. मग पाना. नट आधी दगडासारखा, फिरता फिरता एकाएकी हलका झाला – स्प्रिंगचा जोर चाकावर गेला. बोल्ट पुसून बाबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. दोन पिशव्यांत मावतील तेवढी पुस्तकं घेतली आणि पहिल्या गाडीनं वस्तीवर आले. इथल्या आयांना एकत्र बसवून सगळं सांगितलं. बोल्ट, उतार, आठ महिने, माझा फोनसुद्धा. एक जण उठून मुलाला हाताला धरून घेऊन गेली. बाकीच्या अजून बसल्यात.

बसची चावी मी मागितली नाही. ती बाबांच्याच खिशात आहे.