सेलवाला की बिनसेलवाला

९ जानेवारी १९८४, सोमवार

कॅमेऱ्याला थंडी वाजते! आज स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

कॅमेरे विकणाऱ्या म्हाताऱ्या नुमाता-सानांनी दुकानातला नवा कॅमेरा वापरून बघायला दिलाय. सकाळी रेल्वेच्या फाटकावर नेला. पारा उणे अठरा. दोन फोटो निघाले, तिसऱ्याला बटण दाबलं तर ढिम्म! घरी आणून ठेवला, तासाभरात हा आपला पुन्हा तयार. म्हणजे सेल संपला नव्हता, गारठला होता. एवढी ऐट, आणि सगळा जीव एका गोळीएवढ्या सेलात!

११ जानेवारी

एवढा खटाटोप कशासाठी, ते लिहून ठेवते. एकतीस तारखेला ह्यांची शेवटची गाडी. पंचावन्न पूर्ण, निवृत्ती. एकतीस वर्षं गाडी चालवली, पण चालवतानाचा एकही फोटो घरात नाही. लग्नातला आहे, सहलीत घोरतानाचा आहे. हिवाळाभर ह्यांची पाळी पहाटेच्या अंधारात असते. शेवटच्या दिवशी मात्र स्टेशनमास्तरांनी उजेडातली गाडी दिलीय. सकाळी आठ-दहाला आमच्या फाटकावरून जाईल. एकदाच.

तेव्हा कॅमेरा असा हवा, जो दगा देणार नाही. दुकानातला नवा, की कपाटातला आमचा जुना, ज्याला सेल लागतच नाही?

१४ जानेवारी

जेवताना म्हटलं, ‘अहो, त्या दिवशी फाटकावर मला हात तरी करा. फोटो छान येईल.’

‘ड्यूटीवर हात हलवायचा नाही. हात सिग्नलसाठी.’

झालं! शिगेकी मोरिया बोलले म्हणजे रेल्वेखातं बोललं. सिग्नल दिसला की पांढऱ्या हातमोज्याचं बोट रोखायचं आणि जे दिसतंय ते मोठ्याने म्हणायचं — ही त्यांची शिस्त. ती घरातही चालते. झोपण्याआधी घरभर बोट दाखवत फिरतात. ‘गॅस — बंद. दार — लागलं.’ एकदा मांजराला बोट दाखवून ‘मांजर — आत’ म्हणाले होते. मी हसले तर राग आला.

१७ जानेवारी

नुमाता-सानांकडे दोन तास बसले. चहा तीनदा झाला. दोन्ही कॅमेरे पाठ उघडून शेजारी ठेवले त्यांनी. नव्यात तारा, जुन्यात नुसती चाकं आणि स्प्रिंगा. नवा उजेड स्वतः मोजतो, फिल्म स्वतः ओढतो, नीट अडकली नाही तर तांबडा दिवा लावतो. जुना काहीच करत नाही. सगळं आपण करायचं. त्यातून बर्फाचा उजेड फसवा, त्याचा हिशेब वेगळा ठेवायचा.

‘मग जुना घ्यायचा कशाला?’ मी विचारलं.

म्हातारा म्हणाला, ‘मिसाओ-सान, नवा चुकला तर सेलला शिव्या देता येतात. जुना चुकला तर आरसा बघावा लागतो.’

मला हे फार आवडलं. का आवडलं कोण जाणे.

१८ जानेवारी

जुना कॅमेरा फ्रीजरमध्ये ठेवला. माशाशेजारी, दोन तास. बाहेर काढला — खटाक! पहिल्यासारखा. ह्यांनी रावसाचा तुकडा काढायला फ्रीजर उघडला होता. रावसाऐवजी कॅमेरा दिसला तसा पुन्हा बंद केला.

२१ जानेवारी

आज नव्याची परीक्षा. एक सेल आत, दुसरा काखेत. गारठला की बदलायचा. जमतं तसं! पण बोटं बधिर झाली, सेल बर्फात पडला आणि मी गुडघ्यांवर बसून तो शोधत राहिले. तेवढ्यात गाडी गेली.

२५ जानेवारी

ठरलं. जुना. नवा परत केला. नुमाता-सान नुसते हसले.

रोज सराव चाललाय. फिल्म वाया नको म्हणून रिकाम्याच कॅमेऱ्यावर. चावी ओढ, नेम धर, खटाक. चावी ओढ, नेम धर, खटाक. आता हातमोजे घालूनही जमतं.

३० जानेवारी

फिल्म भरली. चोवीस फोटोंची.

३१ जानेवारी

उणे बावीस. स्वच्छ ऊन.

ह्यांनी डबा घेतला, टोपी घातली, दाराशी वाकले — फोटो. पाठमोरे, बर्फातून जाताना — फोटो. स्टेशन, मास्तरांनी दिलेली फुलं, रूळ, फाटक. कॅमेरा एकदाही अडला नाही! सेलवाला केव्हाच झोपला असता. कॅमेऱ्यावरचा आकडा चोवीसवर आला. म्हटलं आता अडकेल, तर पुढे चालला. पंचवीस. सव्वीस. खूश झाले, वाटलं जुन्या कॅमेऱ्याचा मोठेपणा. अठ्ठावीसवर गाडी वळणावर दिसली.

आणि तेव्हाच डोक्यात आलं. चोवीसच्या फिल्ममध्ये अठ्ठावीस कसे?

चावी ओढली की डावीकडची गुंडी फिरायला हवी. फिल्म पुढे सरकतेय याची तीच एक खूण. ती फिरत नव्हती. सकाळपासून फिरत नव्हती, म्हणजे फिल्म आत अडकलीच नव्हती! आणि मला खटकलं नाही, कारण आठवडाभर रिकाम्या कॅमेऱ्यावर ती न फिरतानाच बघितली होती. मी गुंडी चाचपत राहिले. मान वर केली तेव्हा गाडीचे मागचे दिवे दिसत होते.

रात्री ह्यांनी विचारलं, ‘आले का फोटो?’

‘धुवायला टाकलेत.’ खोटं बोलले.

४ फेब्रुवारी

नुमाता-सानांनी फिल्म धुऊन हातात दिली. काचेसारखी स्वच्छ. आरशाचं काही बोलले नाहीत, त्याबद्दल त्यांचे उपकार.

ह्यांना सांगून टाकलं. रडलेही. हे मुळ्याचं लोणचं खात होते. ‘बरं,’ म्हणाले. आणखी एक फोड उचलली आणि म्हणाले, ‘गाडी वेळेवर होती.’

१९ फेब्रुवारी

स्टेशनमास्तर एक पाकीट देऊन गेले. वर लिहिलंय — ‘फाटकावरच्या बाईंना.’ गाड्यांचे फोटो काढत फिरणाऱ्या कुणी हौशी माणसाचं. त्या दिवशी तो रुळांच्या पलीकडे होता म्हणे. आत एकच फोटो. काचेमागे हे, टोपी सरळ, चेहरा कडक. खाली मी, कॅमेऱ्यात मान खुपसलेली. आणि ह्यांच्या पांढऱ्या हातमोज्याचं बोट सिग्नलकडे नाही, माझ्याकडे रोखलेलं.

तेव्हा काय म्हणालात, विचारलं. हातातला चहा खाली ठेवला. मग बसल्या जागेवरूनच माझ्याकडे बोट केलं.

‘मिसाओ — आहे.’