रुधिरगडाचा सूड

४ एप्रिल

आजपासून रोजनिशी. सूड घ्यायचा तर डोकं थंड पाहिजे, आणि बायकोशी, म्हणजे मोनिकाशी, बोललं की ते तापतं. म्हणून वहीशी बोलणार.

सकाळी मामेभावाच्या लग्नाचा व्हिडिओ आला. नवरी एका काळ्या दगडी दरवाज्यातून आत येते. दरवाज्यावर दोन कवट्या. कवट्यांना झेंडूच्या माळा. तो दरवाजा रुधिरगडाचा आहे. माझ्या रुधिरगडाचा.

नोंद असावी म्हणून लिहितो. रुधिरगड हा शाप, कबंध आणि पिशाच्चांनी भरलेला भव्य व्हिडिओ गेम होता. संकल्पना, कथा, दिग्दर्शन: समर्थ, म्हणजे मी. पुण्यातल्या कंपनीनं तीन वर्षं काम करून घेतलं आणि बंद केला. कारण काय, तर म्हणे नायकाला अजून जिना चढता येत नाही. अहो, राजघराण्याचा सातशे वर्षांचा इतिहास लिहून तयार होता. जिना काय, नंतर चढला असता. टीम फुटली. मी गावी आलो, तात्पुरता. त्याला आता दोन वर्षं झाली.

दरवाजा चोरणारा आमचा चित्रकार कल्याण. हल्ली लग्नाचे व्हिडिओ करतो. मेलेल्या गेमच्या अंगावरचे दागिने ओरबाडताहेत सगळे. एकालाही सोडणार नाही.

५ एप्रिल

कल्याणला फोन लावला. आवाज मुद्दाम खालच्या पट्टीत ठेवला. त्यानं ओळखलं नाही, लग्नाची तारीख विचारली. ओळख पटल्यावर म्हणाला, दादा, तो दरवाजा तुम्हीच नापास केला होता. लग्नाच्या हॉलसारखा दिसतो म्हणाला होतात.

असं मी म्हणालो असेनही. पण म्हणून तो खरोखर लग्नाच्या हॉललाच द्यायचा, हा विकृतपणा झाला. मी हे सुनावणार तोच तो म्हणाला, वहिनींच्या बहिणीचं लग्न आहे ना जूनमध्ये, स्वस्तात करून देतो. फोन स्पीकरवर होता. मोनिकानं ऐकलं.

कल्याणवरचा सूड जूनपर्यंत तहकूब.

८ एप्रिल

संकल्प: पहाटे उठणे. चहा कमी. रुधिरगड एकट्यानं पुन्हा उभा करणे.

साडेनऊला जाग आली. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, कांदा चाळीत भरायला बोलावलं. नवी कांदाचाळ हा आप्पांचा जीव की प्राण. लोखंडी सांगाडा, चहूबाजूंनी जाळी, वर पत्रा. पावसाळाभर कांदा तिथं राहणार आणि भाव आला की निघणार. संध्याकाळी स्वतःच्याच चाळीसमोर खुर्ची टाकून बसतात. मी चार पाट्या उचलल्या आणि पाठीत उसण भरली. कलावंताचं शरीर वेगळं असतं.

११ एप्रिल

ग्रामपंचायतीवर बॅनर लागला. 'थेंब. आपल्या गावाचं पाणी पडद्यावर पाहा. १ मे, ग्रामसभा. सादरकर्त्या: पंकजा.'

पंकजा. माझ्या टीममधली. पाथर्डीकडची पोरगी. तीन वर्षं कोपऱ्यात बसून कोड लिहायची आणि मी राजघराण्याचा इतिहास वाचायला घेतला की हेडफोन लावायची. आता कुठल्याशा संस्थेबरोबर गावोगाव फिरते म्हणे.

सरपंच छबूबाईंनी गावच्या ग्रुपवर नमुन्याचा व्हिडिओ टाकला. डोंगरावर पाऊस पडतो, पाणी उतारानं निघतं, कुठं मुरतं आणि कुठं पळून जातं ते दिसतं. छबूबाई हिवरे बाजार बघून आल्यापासून त्यांना आपल्याही गावाचं तसंच करायचंय. व्हिडिओखाली त्यांनी लिहिलंय, लई भारी.

मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. छबूबाई, ते पाणी नाही. ते रक्त आहे.

१२ एप्रिल

पुरावे.

रुधिरगडाच्या पहिल्याच प्रसंगात सात राजपुत्र कापले जातात आणि त्यांचं रक्त दरीतून वाहत गडाच्या पायथ्याशी येतं. दगड आडवा आला की ते जरा थांबायचं, वळसा घ्यायचं, मग पुढं सरकायचं. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. थेंबातलं पाणी तसंच थांबतं, तसाच वळसा घेतं. शिवाय पाऊस सुरू होताना क्षणभर सगळा डोंगर लाल होतो आणि मग निळा. बाईसाहेब रंग पुसायला विसरल्या.

'रक्त वाहिलं पाहिजे' हे वाक्य माझं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालो होतो. त्यानंतरचं सगळं तिनं केलं, पण ते नुसतं कोड. कोड काय, कोणीही लिहितं.

मोनिकाला सांगितलं. ती पतसंस्थेत कामाला निघाली होती. म्हणाली, बरंय की, कशाला तरी उपयोग झाला. उपयोग. सात राजपुत्रांचा.

१६ एप्रिल

ठरलं. १ मे. भर ग्रामसभेत उठायचं आणि तिचा बुरखा फाडायचा.

यात माझाही थोडा फायदा आहे, नाही असं नाही. गावात मला गेमवाला म्हणतात. बन्सीतात्या रोज पारावरून विचारतात, काय रं, आजून खेळतूस का? लोकांना वाटतं नोकरी गेली म्हणून परत आलाय. ते वाटणं मला फार लागतं. १ मेनंतर कोणी विचारणार नाही.

२१ एप्रिल

पंकजाचा मेसेज. 'दादा, थेंबच्या पहिल्या पानावर तुमचं नाव टाकायचं आहे. काय म्हणून टाकू?'

घाबरली. चोर स्वतः होऊन दारात आला. मी उत्तर दिलं, 'वेळ आल्यावर कळेल.' तिनं अंगठा पाठवला.

२७ एप्रिल

भाषणाचा सराव, म्हशीसमोर. म्हैस उठून गेली.

१ मे

सविस्तर लिहितो, कारण आज इतिहास घडला. पुढचाही भाग घडला, तोही लिहितो.

एरवी ग्रामसभेला माणसं घरून उचलून आणावी लागतात. आज पडदा आहे म्हटल्यावर समाजमंदिर गच्च. पंकजानं मला बघून हात जोडले. मी फक्त मान हलवली, तीही कमी.

दिवे बंद झाले. डोंगर लाल झाला, निळा झाला. पाणी निघालं. डोंगरातल्या एका बांधावरून ते ओसंडलं आणि पडद्यामागून अशी किंकाळी आली की पुढच्या बायका मागं सरकल्या. ती सातव्या राजपुत्राची किंकाळी. आवाज माझा. पुण्यात बाथरूममध्ये स्वतः मारलेली. पंकजानं सांगितलं, धोक्याची खूण म्हणून ठेवलीय, साधी घंटी दिली तर लोक लक्ष देत नाहीत.

मी उठलो. भाषण अर्धं विसरलो, पण मुद्दा पोचवला. हे सगळं माझं आहे म्हणालो. वाहणं माझं, वळसा माझा, किंकाळी माझी. शंका नको म्हणून तिथंच मारून दाखवली. तंतोतंत जुळली.

छबूबाईंनी पंकजाला विचारलं, व्हय का गं? मला वाटलं आता रडणार. ती म्हणाली, सुरुवात दादांच्या गेमपासूनच झाली. बस, एवढंच. बुरखा फाडायला गेलो तर बाईनं आधीच काढून हातात दिला.

मग बन्सीतात्यांनी विचारलं, पन हे बरूबर हाय कशावरून? पंकजा काही सांगायला लागली होती. मी तिला थांबवलं. म्हणालो, हे माझं काम आहे, यात चूक होऊच शकत नाही, मी जबाबदार, लिहून घ्या. ग्रामसेवकांनी लिहून घेतलं. टाळ्या झाल्या. आप्पांनीही वाजवल्या. पुण्यात कधी टाळ्या मिळाल्या नव्हत्या. डोळे भरून आले, अंधार होता म्हणून बरं.

इथं थांबायला हवं होतं. पण पंकजानं पाणी खाली गावाकडं सोडलं. ते बुजलेल्या जुन्या ओढ्याच्या वाटेनं निघालं. वाटेत बन्सीतात्यांनी पुढं सरकवलेला बांध. किंकाळी. लंकाबाईंचा गोठा. किंकाळी. मग आमची कांदाचाळ. पाणी चाळीपाशी आलं, जरा थांबलं, वळसा घेतला आणि आत शिरलं. माझ्याच आवाजात अशी किंकाळी फुटली की आप्पा खुर्चीतून उठले.

छबूबाई म्हणाल्या, पावसाच्या आत वढा मोकळा करायचा. वाटंत जे आसंल ते काढायचं, मंग ते कुनाचं का आसंना. यंत्र बिनचूक हाय, समर्थच म्हनलाय. ठराव बारा तारखेच्या खास सभेत.

२ मे

पोरं मला बघितलं की किंकाळी मारतात. लंकाबाईंनी रस्त्यात अडवून विचारलं, तुज्या खेळात माझा गोठा कशाला घेतला? बन्सीतात्या काहीच विचारत नाहीत. हे जास्त वाईट आहे.

आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना मोनिकाला म्हणाले, त्याला सांग मीठ इकडं दे. मीठ माझ्या हातातच होतं.

यालाही जबाबदार पंकजा. ती कबूल न करता भांडली असती तर मी जबाबदारी घेतली नसती. ही तिची चाल. मुरलेली बाई आहे.

४ मे

संकल्प: जेवण सोडणे, आप्पा बोलेपर्यंत.

दुपारी आमरस होता.

६ मे

आप्पा बोलले. चाळीपाशी बोलावलं. जाळीतून हात घालून एक कांदा फिरवत होते. म्हणाले, समर्था, आरं चाळ उभी करताना मी कुनाला बी इचारलं न्हवतं, बुजलेल्या वढ्यावर मनानं केली. आता ह्यो माल भर उन्हात बाहीर काडला तर निम्मा नासंल. तू सभेत उठून सांग, ते यंत्र म्या केलं न्हाई. जबाबदार कुनीच न्हाई म्हनल्यावर ठराव रेंगाळंल. पावसाळा निघून जाईल.

मी म्हणालो, पण ते माझंच आहे. आप्पांनी जाळीतून हात बाहेर काढला.

९ मे

झोप नाही. जन्मात एकदा टाळ्या मिळाल्या, त्या परत करायच्या? मोनिकाला विचारलं. ती म्हणाली, चाळ वाचवायची का नाव, तुझं तू ठरव, पण कांदा वाहायला मी सुट्टी काढणार नाही.

१० मे

सुचलं. इतके दिवस कसं सुचलं नाही.

मी म्हणणार, हे माझं नाही. माझा हात निघाला की थेंब उघडा पडला. त्यामागं उरलं कोण, तर कोपऱ्यात हेडफोन लावून बसणारी पोरगी. गाव विश्वास ठेवेल का तिच्यावर? ठराव पडणार. पंकजाची अब्रू ती फिरते त्या सगळ्या गावांत जाणार. चाळ वाचणार. म्हणजे सूडही झाला आणि आप्पाही बोलायला लागले. खरा दिग्दर्शक शेवट हातात ठेवतो.

११ मे

सराव. म्हैस आज बसून राहिली. शुभशकुन.

१२ मे

समाजमंदिर पुन्हा गच्च. पंकजा पुढं बसली होती. आप्पा माझ्या शेजारी.

उठलो. म्हणालो, मागच्या सभेत मी चुकीचं बोललो. हे मी केलेलं नाही. यातली एक ओळ मी लिहिलेली नाही. उतारावरून पाणी कसं जातं ते मला माहीत नाही. गेममध्ये रक्त कसं वाहायचं तेही मला माहीत नव्हतं, मी फक्त वाहिलं पाहिजे म्हणालो होतो. केलं सगळं पंकजानं, एकटीनं. माझी नुसती किंकाळी आहे. बिनचूक म्हणालो ते मागं घेतो.

भाषण पाठ करून गेलो होतो, पण पाठ केलेलं लागलंच नाही. कुठं अडखळलो नाही. पंकजा माझ्याकडं वळून बघत होती. मला तिची अब्रू जायची वाट बघायची होती, म्हणून मी पडद्याकडं बघितलं.

पहिले बन्सीतात्या उठले. म्हणाले, मंग मिटलं. समर्थनं केलंय म्हनून मी आडून बसलो हुतो. म्हनलं ह्याच्या हातचं हाय, चुकलंच आसंल. या ताईंनी केलं आसंल तर बरूबर आसंल. बांध माझा मी काडून घेतो. लंकाबाई म्हणाल्या, मी बी गोठा हलवते, आधी सांगायचं न्हाई व्हय. छबूबाईंनी ग्रामसेवकांना सांगितलं, समर्थचं नाव खोडा आनि ताईंचं घाला, आता गावाला शंका न्हाई. मग म्हणाल्या, हात वर करा.

सगळे हात वर गेले. मी आप्पांकडं बघितलं. मग त्यांनीही हात वर केला. शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले, मला बी वाटलं हुतं, पोराचंच कायतरी चुकलं आसंल.

उद्या सकाळपासून कांदा हलवायचा आहे.