फायर स्टेशनवर तुमचं नाव

गुरुजी,

तुम्ही गेलात त्या दिवशी गावातली दुकानं अर्धा दिवस बंद होती. शाळा सुटली, आणि पोरं रांगेनं तुमच्या अंगणात फुलं वाहायला गेली. मी घरी बसून चिंच फोडत होते. झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही, असं येईल तो माणूस मला सांगत होता, आणि ते मला आवडलं नव्हतं. माझी आई भाजलेल्या अंगानं चार दिवस गोंदियाच्या दवाखान्यात पडून होती. तिच्यासाठी पानठेलासुद्धा बंद झाला नाही. इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले, कारण काल आपल्या नगरपरिषदेची बजेटची सभा झाली आणि तिथं तुमचं नाव निघालं. मी तिथंच होते. तुमची विद्यार्थिनी आता नगरसेविका आहे.

आधी तुमचं चांगलं लिहून टाकते, म्हणजे मग अडणार नाही. सातवीत तुम्ही माझा निबंध सगळ्या वर्गाला वाचून दाखवला होता. विडीच्या पानांवर होता तो. आई तेंदूपत्ता कशी भिजवते, कैचीनं कशी कापते, सुपात घेऊन तिची बोटं कशी चालतात. पोरं हसली, तर तुम्ही टेबलावर डस्टर आपटलं. दहावी झाल्यावर तुम्ही तुमच्या बायकोची सायकल मला दिलीत. कुडव्याला मावशीकडे राहून मी त्या सायकलवर गोंदियाला कॉलेजात गेले. आमच्या टोलीतून, विडीवाल्यांच्या त्या वस्तीतून, कॉलेजात जाणारी मी पहिलीच मुलगी होते. आई तुम्हाला देव मानत होती, हे शब्दशः खरं आहे. दिवाळीत पहिला करंजीचा डबा तुमच्या घरी जायचा, मग देवासमोर.

पुढे तुम्ही निवृत्त झालात, निवडून आलात, आणि बजेट तुमच्याकडे आलं. त्याच वर्षी नगरपरिषदेच्या आवारातली आग विझवायची गाडी गेली. ड्रायव्हरला पाणीपुरवठ्यात टाकलं, गाडी भंगारात काढली आणि ठरलं की आग लागली तर शेजारच्या गावची गाडी येईल, आपण त्यांना वर्षाचा वाटा देऊ. वरून आदेश आला, असं तुम्ही सांगितलंत. गुरुजी सांगतात म्हटल्यावर कोण विचारतो? आमच्या घरापासून ते आवार चालत पाच मिनिटांवर होतं. शेजारचं गाव रेल्वे फाटकापलीकडे, बसनं पाऊण तास.

त्यापुढचा मे महिना आहे, भर दुपार. टोलीच्या त्या टोकाला कोणाच्या तरी चुलीतली ठिणगी कुडाला लागते आणि वारा आमच्या बाजूचा आहे. घराघरात विडीची वाळकी पानं भरलेली. आम्ही हातपंपावरून गुंड, बादल्या, पातेली, जे सापडेल ते भरून आणतोय. आई एकदा बाहेर आलेली आहे, माझ्या शेजारी उभी आहे, तिचा हात माझ्या हातात आहे. मग आतून बकरी ओरडते. मी म्हणते, आई, कायले जातेस वं, मरू दे तिला. ती म्हणते, "जितं जनावर बांधलं आहे वं आत. दावं सोडून येतो, थांब." तिनं दावं सोडलं. बकरी बाहेर आली आणि वरचं छत आईवर बसलं. लोकांनी तिला ओढून काढलं. गाडी आली तेव्हा विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ड्रायव्हर बिचारा सगळ्यांपुढे हात जोडत होता, फाटक बंद होतं, मालगाडी उभी होती, मी काय करू.

तेरवी झाली आणि मी तुमच्याकडे आले. तुम्ही ओसरीत खुर्चीवर बसला होता. मी एक अर्ज लिहून आणला होता. आपली गाडी का काढली, कोणी काढली, याची चौकशी व्हावी आणि गाडी परत ठेवावी, एवढंच त्यात होतं. तुम्ही चष्मा लावलात. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी बोलाल. तुम्ही खिशातून लाल पेन काढलं आणि तपासायला लागलात. "अग्नीशामक" मधल्या "ग्नी"भोवती गोल केलात. दोन ठिकाणी अनुस्वार दिलात. मग "माझ्या आईचा मृत्यु" इथं आलात, थांबलात, आणि त्या "त्यु" खाली रेघ मारून दीर्घ ऊकार काढलात. अर्ज माझ्या हातात देत म्हणालात, "बेटा, भावनेवर बजेट चालत नाही. आणि अर्ज शुद्ध असला पाहिजे, नाहीतर कोणी वाचत नाही. पुन्हा लिहून आण."

तुमचा आवाज चढलेला नव्हता. आतून तुमच्या बायकोनं मला चहा आणून दिला आणि मी तो प्यायले, याची मला आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी तुमची सायकल तुमच्या फाटकाला टेकवून ठेवली, दोन्ही चाकांची हवा सोडून. अर्ज पुन्हा लिहिला नाही. पुढे लोकांचे मात्र लिहिले. तहसीलसमोर टेबल टाकून मी आजवर राशन कार्डाचे, घरकुलाचे, वनहक्काचे किती अर्ज लिहिले असतील, मलाच माहीत नाही. एक वेलांटी चुकू दिली नाही. लोक म्हणायचे, बाईचा अर्ज साहेब परत करत नाही. त्याच लोकांनी मला निवडून दिलं.

निवडून आल्यावर पहिलं काम मी काय केलं असेल? रेकॉर्डरूममध्ये गेले. बाबूला म्हटलं, त्या वर्षाचं ठराव बुक काढा. तो म्हणाला, "ताई, उधर तो दीमक लागली आहे." तरी त्यानं काढलं. वाळवीनं कडा खाल्ल्या होत्या, पण ते पान चांगलं होतं. कुठला वरचा आदेश नव्हता, गुरुजी. सूचक म्हणून तुमचं नाव होतं. तुमचं भाषणही लिहिलेलं होतं, वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या आगीसाठी गाडी पोसणे या गावाला परवडणारे नाही. अक्षर लिपिकाचं, पण वाक्य तुमचंच, मी ते कुठंही ओळखलं असतं. त्या पानाची नक्कल काढून घेतली आणि तीन वर्षं कपाटात साड्यांखाली ठेवली. कोणाला दाखवली नाही. तुम्ही तर मरून निसटला होता. मला भरलेलं सभागृह पाहिजे होतं.

ते काल मिळालं. यंदा शासनाकडून नवी गाडी मिळते आहे, पण ड्रायव्हर, फायरमन आणि डिझेल आपल्याला सांभाळायचं आहे. मुख्याधिकाऱ्यांनी सरळ सांगितलं, एक तर गाडी ठेवा, नाहीतर शेजारच्यांचा वाटा देत राहा आणि वाचलेल्यातून बाजारओळीचा रस्ता करा. दोन्ही होणार नाही. काही नगरसेवक रस्त्याच्या बाजूनं, काही गाडीच्या. उरलेलं पारडं तुमच्या मुलाच्या हातात होतं, तोही आता नगरसेवक आहे, त्याच्यामागे सहा मतं आहेत. सभेच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी आला, स्टूल ओढून बसला. म्हणाला, "ताई, गाडी तुमची, नाव बाबूजीचं. फायर स्टेशनवर त्यांचं नाव लावा, माझी सहाच्या सहा मतं पक्की. बाबूजी तुम्हाला पोरीसारखं मानत होते ना?" मी म्हटलं, हो, मानत होते. म्हटलं, आणा ठराव.

त्यानं आणला. तुमच्या साध्या राहणीवर, शिस्तीवर बोलला. टाळ्या पडल्या. नगराध्यक्षांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का? मी उभी राहिले. म्हटलं, नावाला माझा विरोध नाही, फक्त गुरुजींचं या विषयावरचं मत सभागृहाला माहीत असावं. आणि ते पान वाचलं. सावकाश वाचलं, तुम्ही शिकवलं तसं, प्रत्येक विरामावर थांबून. सूचक म्हणून तुमचं नाव दोनदा वाचलं. मग सांगितलं की हा ठराव झाल्यावर पुढच्याच मेमध्ये आमची टोली जळाली.

तुमच्या मुलाच्या गटात मागच्या बाकावर एक बाई बसते. त्याच आगीत तिचंही घर गेलं होतं, लग्नाचं सगळं सामान गेलं होतं. ती बसल्या जागेवरून त्याला म्हणाली, "काऊन रे बाबू? तुझा बाप तर म्हणे वरून आदेश आला." त्यानं कागद गोळा केले. नावाचा विषय मागे घेतो एवढंच पुटपुटला आणि निघून गेला. जाताना त्यानं आपल्या माणसांना खूण केली, चला म्हणून. दोघे उठले. ती बाई उठली नाही, मग तिच्या शेजारचेही तिघे बसून राहिले. गाडीच्या ठरावाला पहिला हात तिनं वर केला. दोन मतांनी पास झाला.

आज दिवसभर टोलीतली माणसं येऊन गेली. आईसाठी केलंस, म्हणतात. एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी त्यांना तसं म्हणू दिलं. हे पत्र तुमच्या मुलाच्या फाटकातून आत टाकायचं, असं ठरवूनच लिहायला घेतलं होतं. त्यानं ते वाचावं, तुमच्या फोटोसमोर बसून वाचावं, असं वाटत होतं. पण आता टाकता येणार नाही, कारण पुढचं तुम्हाला सोडून कोणी वाचून चालणार नाही. मी उभी राहिले तेव्हा ती सहा मतं जातील, गाडी जाईल, हे मला दिसत होतं. बाजूच्या नगरसेविकेनं माझा पदर ओढून सांगितलंही, बसा ताई, आधी मतदान होऊ द्या, मग वाचा. दहा मिनिटं थांबले असते तर गाडी पक्की होती. मी पदर सोडवून घेतला. गाडी गेली असती, गुरुजी, तरी मी वाचलंच असतं.