मोठ्यानं केलेली प्रार्थना

कारखाना वसाहत, श्रीरामपूरजवळ
ता. ९ फेब्रुवारी १९७२

प्रिय योहान यास,

गिदोनचा सलाम. घरी सारं ठीक. तुझी बहीण बरी आहे, धाकटीचा खोकला थांबला. यंदा ऊस लई आलाय, बैलगाड्यांची रांग पार सडकेपर्यंत जाते. साखर शिजवणाऱ्या पॅनमनला गाड्यांची एवढी चौकशी कशाला, असं दुसऱ्या कुणी विचारलं असतं. तू विचारणार नाहीस. मला पॅनवरून काढून यार्डात गाड्या लावायला का धाडलं, ते तुला ठाऊक आहे.

तुझं घर दोन ओळी सोडून, तरी पत्र पोस्टात टाकतोय. कुणाच्या हाती दिलं तर तो वाचायचा, आणि रविवारी याचीही प्रार्थना व्हायची.

बोर्डिंगात आपण एका ताटात जेवलो. तू इथे कामगार कल्याण अधिकारी होऊन आलास तेव्हा "आमचा मेहुणा" म्हणून खात्याखात्यात मीच मिरवलो. दिवाळीनंतर वाफेची नळी फुटली आणि माझ्या शेजारी काम करणारा सूर्यभान माझ्या डोळ्यांदेखत भाजून मेला. माझी झोप उडाली. तूच मला ऑफिसात बोलावलंस, दार लावलंस. म्हणालास, "बोल गिदोन, इथलं इथंच राहील." मी बोललो. पोरासारखा रडलोही.

आणि पुढच्या रविवारी साळवे केमिस्टांच्या घरी प्रार्थनासभेत तू डोळे मिटून उभा राहिलास. "प्रभू, आमचा भाऊ गिदोन याच्या मनावर अंधार आलाय. पॅनच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली झोकून द्यावंसं त्याला वाटतं. त्याला सांभाळ." सगळे आमेन म्हणाले. सवयीनं मीसुद्धा म्हणालो.

साळवे माझे साहेब. दुसऱ्या सकाळी पाठीवर हात ठेवून त्यांनी मला यार्डात पाठवलं. त्यांना काय बोल लावू? असं ऐकल्यावर कोण कठड्याशी उभं करील? पण कठड्याचं मी तुझ्या बहिणीला, रेबेकाला, सांगितलं नव्हतं, योहान. तिला ते बायकांच्या रांगेत बसून कळलं. आता मी दाढीला बसलो की ती दारात उभी राहते. दाढी झाली की वस्तरा कुलपात जातो. एवढ्या वर्षांत तिला माझी भीती कधी वाटली नव्हती.

मी तुला गाठलं तर म्हणालास, "अरे, मी देवापुढे बोललो, लोकांपुढे नाही." देव बहिरा आहे का, मोठ्यानं सांगायला? दगा दिलास तू. प्रेमानं दिलास, म्हणून मला धड भांडताही येत नाही.

काल मच्छिंद्र यार्डात आला. नळी फुटली तेव्हा तोही तिथंच होता. चहाची बशी त्यानं न पिताच खाली ठेवली. म्हणाला, "गिदोनदादा, त्या कल्याण सायबाकडं बोलून मन हलकं हुतं का वो? मला लई भ्या वाटतंय. कुनाला सांगू?"

होतं रे हलकं. त्या दिवशी तुझ्या खोलीतून निघालो तो घरी येऊन गाढ झोपलो, कितीतरी आठवड्यांनी. खरं उत्तर तेच होतं.

मी त्याला म्हणालो, "जाऊ नकोस."

तुझ्या बहिणीचा नवरा,
गिदोन