फोटोखालची समई

लातूर,
४ जुलै २००४

तीर्थरूप मामांस,
अयोध्याचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही विचारता आणि मी नुसतं हं म्हणते, म्हणून लिहायला बसले. मेडिकलसाठी पुन्हा वर्षभर क्लास करायचा, सव्वीस तारखेला रिपीटर बॅच सुरू होते, हे मला ठाऊक आहे. पण गेले दोन महिने मी दुपारी गंजगोलाईजवळ सिंधुताईंच्या डीटीपीच्या दुकानात जाते, हे तुम्हाला ठाऊक नाही.

तिथं मी फोटोशॉपमध्ये आयकॉन करते. म्हणजे लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यातला कलश, क्लासच्या पत्रकावरचं पुस्तक, अशी बोटाच्या पेराएवढी शोभेची चित्रं. पडद्यावर चित्र मोठं करत नेलं की त्याचे बारीक चौकोन दिसतात. एकेक चौकोन रंगवायचा. कलशाच्या पोटावर एकच चौकोन पांढरा ठेवला, की चित्र लहान केल्यावर पितळ चमकतं. तो चौकोन कुठला, ते मला बरोबर कळतं. फिजिक्समध्ये असं कधीच काही कळलं नाही.

सिंधुताई मला कायमची ठेवून घ्यायला तयार आहेत. मला हेच करायचं आहे, पण तुमचा होकार आला तरच. मामींना नमस्कार.

लोभ आहे, तो हे वाचूनही राहू द्यावा.
आपली,
अयोध्या


उमरी,
८ जुलै २००४

चि. अयोध्या हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, एकदा मास्तर म्हणून आणि एकदा मामा म्हणून. मास्तराला अक्षर आवडलं. मामाला मजकूर आवडला नाही.

तुझी मामी म्हणते, पोरगी लई नाजूक काम करून राहिली, साडीवरच्या बुट्ट्यांवानी. तिला कौतुकाला निमित्तच लागतं. मला विचारशील तर हौस हौसेच्या जागी. लग्नसराई संपली की तुझे कलश कोण विचारणार? मार्क थोडक्यात हुकलेत. एक वर्ष कळ काढ. बॅचमध्ये तुझं नाव मी घालून ठेवलं आहे. या घरात एक डॉक्टर झाला पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे, आणि ते काही मी आज मागत नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस. मेसची भाजी बेचव असली तरी पानात टाकू नये.

रागावलो असलो तरी तुझाच,
किशनमामा


लातूर,
१३ जुलै २००४

तीर्थरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचंच म्हणणं खरं ठरलं म्हणायचं. परवा माझ्या हातून मोठी चूक झाली.

एका क्लासला निकालाचं बॅनर हवं होतं, चोवीस मुलांच्या फोटोंचं. प्रत्येकाखाली काहीतरी शोभेचं टाक, असं सांगून सिंधुताई गावाला गेल्या. विद्येचा प्रकाश म्हणून मी समई काढली. पितळी, पाच वातींची. तीन तास लागले. इतकं चांगलं आयकॉन मी आजवर केलं नव्हतं. बॅनर चौकात लागलं.

तासाभरात पालक दुकानात आले. मुरुडचे एक गृहस्थ तर काउंटरवर हात आपटत होते. पोरगी धडधाकट जिती हाय, तर तिच्या फोटोखाली दिवा कशापायी लावला, असं विचारून राहिले होते. तिची आई पायरीवर बसून रडत होती. मला आधी कळेचना. मग शेजारच्या दुकानदारांनी सांगितलं, की फोटोखाली दिवा गेलेल्या माणसाच्या लावतात.

मामा, हे मला माहीत नव्हतं. इतरांच्या घरी पाहिलं असणार, पण कधी लक्ष गेलं नाही. आपल्याकडे आई-बाबांचा फोटोच नाही. भूकंपात ते दोघं गेले, घराबरोबर बाकी सगळंही गेलं, असं तुम्ही सांगितलं होतं. मी तेव्हा सात वर्षांची होते. फोटोपुढं दिवा लावायची वेळच आपल्या घरात आली नाही.

समया काढून पुस्तकं टाकली, बॅनर नवं लावलं. सगळ्यांची माफी मागितली. सिंधुताई म्हणतात, काम सोडू नको. पण तुम्ही म्हणाल तर सव्वीसला क्लासला जाऊन बसेन.

चुकलेल्या भाचीवर माया असावी.
अयोध्या


उमरी,
१७ जुलै २००४

चि. अयोध्या हिस आशीर्वाद.

चूक तुझी नाही, माझी आहे. तुमच्या घरातलं सगळं गेलं, हे खरं. पण तुझ्या आईचा एक फोटो माझ्याकडे आहे, लग्नाआधी उमरीत काढलेला. ट्रंकेच्या तळाशी ठेवला आहे. तुझ्या मामीलाही मी तो भिंतीला लावू दिला नाही.

का, ते लिहितो. भूकंपात तुझे बाबा जागीच गेले होते. मी दुपारी तुमच्या गावी पोचलो तेव्हा माझ्या बहिणीला ढिगाऱ्यातून काढलं होतं, ती शुद्धीवर होती. तुझी चौकशी करत होती. डॉक्टर शोधत मी गावभर पळालो. डॉक्टर एक आणि माणसं शेकड्यांनी. आमची पाळी येईपर्यंत ती गेली. तेव्हा मनाशी ठरवलं, हिच्या पोरीला डॉक्टर करीन आणि मगच हिचा फोटो भिंतीला लावीन. नवस मी बोललो आणि फेडायला तुला बसवलं. एवढं कळायला या मास्तराला अकरा वर्षं लागली.

बॅचमधून तुझं नाव काढायला मी गुरुवारी लातूरला येतो. फोटो बरोबर आणतो. त्यात तुझी आई अठरा वर्षांची आहे, आज तू आहेस तेवढी. कपाळ, हनुवटी, सगळं तुझंच. आरशात तुला ती रोज दिसत होती आणि मी तुला ते सांगितलं नाही.

मामावरचा लोभ आटू देऊ नकोस, एवढीच विनवणी.
किशनराव