चिनी भाषेत घेतलेलं नाव

सेक्टर ६, भिलाई
मंगळवार, १२ ऑक्टोबर १९९३

एवढं मोठं पोस्टकार्ड, आन् त्यात बायकोले तीन शब्द. 'तुझं तू बघ.' बाकी सारं कोरं. तू नोकरी करते त्या गोंदियाच्या टेसनात शाई संपली होती का? कार्ड देताना पोस्टमनही माझ्या तोंडाकडे पाहत होता.

प्रिय अरुण,

आता ख्यालीखुशाली. माझा गुडघा होता तसाच आहे. तुझी शीला शाळेत रडत नाही, घरी मात्र दुधाले तोंड वाकडं करते. कमलिनी चिनी शिकून राहिली, ते तुले माहीत आहे. तिच्या लॅबमधून तिघं सहा आठवड्यांसाठी चीनले जाणार, त्यात बाई ती एकटी. येत्या सोमवारी हो की नाही ते लिहून द्यायचं, तेच तिनं तुले पत्रात विचारलं होतं. पण तिच्यासंगं मीही शिकून राहिली, ते तुले कोणी सांगितलं नसेल.

ऑफिसनं कॅसेट दिली. तू माझ्या भजनासाठी आणलेल्या टेपवर ती वाजते. कॅसेट सवाल करते आन् थांबते, समोर जबाब देणारं कोणी पाहिजे. मग रोज संध्याकाळी चहा झाला की मी कधी हॉटेलवाला होते, कधी डॉक्टर, कधी दुकानदार. परवा भिंतीपलीकडून राधाबाईनं विचारलं, सासू-सुनेचं भांडण चाललं का म्हणून. मी म्हटलं, नातसून आहे, आन् भांडण नाही, परदेश आहे.

त्या भाषेत शब्द पाठ करून भागत नाही. आवाज कुठं चढवायचा, कुठं पाडायचा, ते धरावं लागते. तुझी एमएस्सी बायको अक्षरांवर बाण काढत बसते. मी चौथी शिकलेली, मी कान लावला. एक आवाज प्लांटच्या भोंग्यासारखा सरळ. दुसरा, भाजीवाल्यानं भाव सांगितल्यावर आपण 'काय?' म्हणतो तसा वर जाणारा. तिसरा मी खाटेवरून उठताना कण्हते तसा, खाली बुडून वर येणारा. चौथा, कुत्र्याले 'हट' म्हणतो तसा. असं सांगितलं तेव्हापासून तिचं जमाले लागलं. 'वो पू छी रोऊ', म्हणजे मी मांस खात नाही. 'खायश्वेय', म्हणजे उकळलेलं पाणी. तिथं उपाशी मरणार नाही ती.

गुरुवारी सातवा धडा लागला, घरच्या माणसांचा. कॅसेटनं विचारलं, तुमच्या नवऱ्याचं नाव काय. कमलिनी गप्प. ऑफिसच्या कागदावर दहादा लिहिते, पण माझ्यासमोर तुझं नाव घ्याले तिची जीभ उचलेना. पुन्हा टेप मागं नेला, पुन्हा गप्प. मी म्हटलं, तिथला साहेब विचारेल तर काय लाजत उभी राहशील? तरी नाही. मग मीच म्हटलं, 'वो चांगफू च्याव बळीराम.' लग्नातल्या उखाण्यानंतर तुझ्या आजोबाचं नाव मी आजवर तोंडातून काढलं नव्हतं. ते असते तर उठून पाहाले आले असते. कमलिनी हसली, आन् तिनंही म्हटलं. तुझं नाव, पुरं, अरुणकुमार, स्वच्छ. मग टेप बंद केला आन् सैपाकघरात गेली. बराच वेळ नळ चालू होता.

ती तिकडं असताना तिच्या वहीत ऑफिसचा कागद दिसला. 'जाणार नाही' असं पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे. सोमवारी त्यावर पेन फिरवेल. मी विचारलं, तर म्हणाली, "आजी, ते नाही म्हटले असते तर मी भांडली असती. यावर कशी भांडू?"

आता ऐक. ते तीन शब्द तुझे नाहीत, माझे आहेत. तू चार वर्षांचा होता. तुझ्या आईले, प्रेमलाले, मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी रायपूरचं बोलावणं आलं होतं. एक वर्षाचं. ती मले विचाराले आली. मी तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही, म्हटलं, तुझं तू बघ. ती "बरं" म्हणाली आन् ट्रंकेत घातलेले लुगडे परत काढले. तू तिथंच बसला होता. जन्मभर तिनं शेजारच्या पोरांना ओट्यावर फुकट पाढे शिकवले, मले एक शब्द बोलली नाही. आता ती नाही, तिले काय सांगू? शीला चार वर्षांची आहे, आन् तुझं कार्ड आलं तेव्हा ती तिथंच होती. म्हणून हे पत्र. पोरीले मी सांभाळते, रजा काढून तूही ये. दूध पाजणं पुरुषालेही जमते.

तुझीच, गुडघा सोडून बाकी धड असलेली,
आजी

उत्तर मले नको, आलं तर न फोडता परत पाठवीन. कमलिनीच्या नावानं लिही, कार्ड पुरं भर, आन् शनिवारच्या डाकेनं पोचलं पाहिजे.